पाठीमागची खुर्ची

भिंगरी हे नाव ताईने ठेवलं होतं, आणि गेम डिझाइनच्या कॉलेजातही ते चिकटलं, कारण ही मुलगी एका जागी दोन मिनिटं टिकत नसे. आज मात्र तिला टिकायचं होतं. नियमच तसा होता. गेम कधी न पाहिलेलं माणूस घरून आणायचं, त्याला खेळायला बसवायचं, आणि बनवणाऱ्याने त्याच्या पाठीमागच्या खुर्चीवर तोंड मिटून बसायचं. अर्ध्या तासात त्या माणसाला पहिली खोली ओलांडता आली नाही, तर गेम बंद, आणि बनवणारे दुसऱ्यांच्या गटात.

ताई दवाखान्यातली ड्यूटी संपवून थेट आली होती. "आम्ही समजतो पोरगी अभ्यास करते," ती खुर्ची ओढत म्हणाली, "आणि इथे सगळा खेळच."

"ताई, बोलू नकोस, खेळ," चित्रं काढणारा जोडीदार ढब्बू पुटपुटला.

पडद्यावर अंधारं घर. कंदील घेतलेला पहारेकरी. जमिनीला भगदाड, पलीकडे दार. ताईने उडी मारली. धप्. पुन्हा मारली. धप्.

भिंगरीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. आधी धाव घे, मग कडेला आल्यावर उडी. एवढं साधं. गेल्या आठवड्यात तर तिला ते इतकं सोपं वाटलं होतं, की तिने भगदाड आणखी रुंद केलं होतं. ढब्बू तेव्हा म्हणाला होता, "अगं, तू हे हजारदा खेळलीस, म्हणून सोपं वाटतंय." तिने ऐकलं नव्हतं.

धप्.

ताई जरा थांबली. पहारेकऱ्याला मागे नेलं, भिंतीपर्यंत. तिला काहीतरी सुचत होतं.

"हां, आता धाव!" भिंगरीच्या तोंडून निसटलं.

ताई धावली, उडाली, पलीकडे पोहोचली. वर्गात कुणी टाळी वाजवली नाही.

"खोली तुम्ही ओलांडलीत," घड्याळ लावून बसलेले सर भिंगरीला म्हणाले. "त्यांनी नाही."

"सर, एकदाच. ताई पुन्हा खेळेल."

"त्यांना आता माहीत झालं. सोमवारपासून तुम्ही दोघं वेगवेगळ्या गटात."

जिन्यात ताई तापलीच. "मला जमत आलं होतं. लहानपणी तुला बुटांची नाडी बांधायला शिकवताना मी कधी हात घातला होता का मध्ये?"

भिंगरी दोन-दोन पायऱ्या उतरत सुटली. घरी आल्यावर तिने चपला न काढताच कॉम्प्युटर लावला आणि भगदाड अरुंद केलं. मग स्वयंपाकघरात गेली, परत आली, खिडकी उघडली, लावली.

"आता तरी एका जागी बस," ताई म्हणाली.

"तू खेळ. मी बाहेर थांबते."

दाराबाहेर ती येरझाऱ्या घालत राहिली. आतून धप्. कडेवरच्या उडीची वेळ ताईला अजून साधत नव्हती. जरा वेळाने धप्. मग बराच वेळ काहीच नाही. तिचा हात कडीवर गेला. तिने तो मागे घेतला.

"ए भिंगरे, पोहोचले!" ताई आतून ओरडली. "दार उघडलं. पण पुढे नुसता काळोख आहे. आता कुठे जाऊ?"

दुसरी खोली त्यांनी बनवलीच नव्हती. सगळे दिवस त्या एका भगदाडात गेले होते.

"ऊठ जरा," भिंगरी आत येत म्हणाली. सोमवारी तिला दुसऱ्यांचा गेम करायचा होता. तिने खुर्ची पुढे ओढली आणि काळोखात दुसऱ्या खोलीची पहिली भिंत उभी केली.