खालाच्या हातचे थेंब

मायच्या रक्तात रोग झाल्याचं कळलं तेव्हा मी अमरावतीला सासरी होते. निरोप येताच अकोल्याला माहेरी आले. पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून तिच्या पोटाची डावी बाजू दगडासारखी झाली होती. सिव्हिल सर्जननं बाबांना अंगणात सांगितलं, "रक्ताचा कॅन्सर आहे. या औषधात सोमल असतो, थेंबभरही जास्त देऊ नका." खिडकी उघडी होती. मायनं त्यातला एकच शब्द धरला, सोमल. तिच्या लेखी सोमल म्हणजे विषच.

औषध देणं माझ्याकडे आलं. आधी ती मुकाट्यानं घ्यायची. मग ताप चढायला लागला, झोप उडाली आणि एका सकाळी तिनं वाटी भिरकावली.

"तू काहून आली ते मले समजते. इख देऊन राहिली तू मले!"

"माय, मी तुहीच पोरगी न वं."

"म्हणूनच तं."

त्यानंतर तिनं माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही. डॉक्टर म्हणाले, "या आजारात कधीकधी मनही बिघडतं. वाद घालू नका."

शेजारी बांगडीवाल्याची बायको राहायची. आम्ही तिला खाला म्हणायचो आणि माय तिला बीबी म्हणायची. दोघींची जुनी मैत्री. तिच्या हातचं माय सगळं खायची. नात्यातल्या बायकांनी नाकं मुरडली. बाबांनी लक्ष दिलं नाही. मी रांधायचं, दुधात थेंब टाकायचे आणि दाराआडून वाटी खालाकडे द्यायची. आतून मायचं हसणं ऐकू यायचं. खाला तिची वेणी घालायची. ती वेणी घालायला मी आले होते.

एकदा मी बोललेच, "खाला, तुमी काय जादू केली तिच्यावर?"

"बेटी, तिचं डोकं ठिकाणावर नाही. बरी झाली का तुलेच बोलवंल."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिचा समजूतदारपणा मला जास्त झोंबला.

पुढे मायला नीट दिसेना. एका दुपारी खाला बाहेर गेली होती, म्हणून मीच वाटी नेली.

"आली का बीबी?"

मी नुसता हुंकार दिला. ती सगळं दूध प्यायली, मग माझा हात धरून म्हणाली, "माही पोरगी लय वाईट झाली वं. पण तिले उपाशी नको ठेवू."

रडू आलंच. पण त्याआधी मनात आलं, हा हात तिनं खालाचा समजून धरलाय.

थोड्याच दिवसांत माय गेली. खालानं हंबरडा फोडला. मी मायच्या अंगावरची चादर सारखी करत राहिले. जमलेल्या बायका आधी खालाजवळ जाऊन बसल्या, तिची पाठ चोळू लागल्या. कुणीतरी तिच्यासाठी पाणी मागितलं. तांब्या भरून मीच तिला नेऊन दिला.