एक लाटणं आणि दोन मूळ दुकानं

पहाटे साडेतीनला जावई उठायचे. गजर लावत, तो घड्याळाला काहीतरी काम असावं म्हणून. चारला दादांच्या दुकानात पीठ मळायला हजर. दादा म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. दुपारचं जेवण झालं की जावई रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात तेच काम करायला जात. ते दुकान बायकोच्या काकूचं. दोन्हीकडे माल एकच, पाई. खाली मैद्याची पारी, वर पारी, मध्ये बटाट्याचं सारण, कडेला मुरड घालून भट्टीत भाजलेली. दोन्ही दुकानांवर पाटीही एकच: ‘मूळ पाईचं दुकान’.

आधी दुकान एकच होतं. मग दादा आणि काकू वेगळे झाले. भट्ट्या दोन झाल्या, पत्रे वाटले गेले, मापंसुद्धा वाटली गेली. जावयाचे हात तेवढे वाटता आले नाहीत, म्हणून ते दोघांनी पाळीपाळीने वापरायचं ठरलं. लाटणं जावयाचं स्वतःचं. ते काखेत धरून जावई रस्ता ओलांडत, आणि गिऱ्हाइकांना वाटे, म्हातारा कुणाला तरी मारायला निघालाय.

दादा म्हणत, “हा धंदा आमच्या वडिलांनी काढला. सारण त्यांचं.”

काकू म्हणत, “सारण पातेल्यात ठेवून धंदा होतो का? टोपली डोक्यावर घेऊन दारोदार कोण फिरलं? माझा नवरा.”

जावयाचा तिसरा दावा होता. तो ते फक्त घरी, हात शेकताना, बायकोला ऐकवत. “सारण कुणीही करेल. पाई ओळखू येते ती मुरडीवरून. मुरड माझी. म्हणजे धंदा कुणाचा?” बायको हं म्हणे. तिचे दात पडले होते. हल्ली ती तोंडापुढे हात धरूनच बोलायची आणि शक्यतो कमीच बोलायची. तिच्या कवळीसाठी जावई कमावत होते. एका पगारात घर चालायचं, दुसरा कवळीसाठी बाजूला पडायचा. दातांच्या डॉक्टरने माप घेऊन ठेवलं होतं. पैसे पुरे झाले की कवळी मिळणार होती.

अशात दादा आणि काकू हट्टाला पेटले. एका रविवारी दोन दुकानांच्या मध्ये फुटपाथवर टेबल मांडायचं, मास्तरांनी दोन्ही पाई खायच्या आणि मूळ कोणती ते सांगायचं. जो हरेल त्याने पाटीवरचा ‘मूळ’ पुसायचा. मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त शिक्षक, सगळ्यात जुनं गिऱ्हाईक.

आदल्या दिवशी दादा म्हणाले, “हरलो तर जावईबुवा, सोमवारपासून तुम्ही समोरच बसा.”

दुपारी काकू म्हणाल्या, “हरले तर माझ्या भट्टीला हात लावायचा नाही, सांगून ठेवते.”

म्हणजे कुणीही हरलं तरी एक पगार जाणार, आणि त्याबरोबर कवळी. जावयाने हिशेब केला, सुटका एकच. दोन्ही पाई इतक्या सारख्या करायच्या की मास्तरांची जीभ हरली पाहिजे.

ऐकायला सोपं वाटतं. सकाळचं पीठ खांद्याने मळलं जातं, दुपारचं कंबरेने. दुपारी हात जड असतो, पारी जाड लाटली जाते. जावयाने त्या रविवारी सकाळी मुद्दाम अंग राखलं आणि दुपारी दात ओठ खाऊन लाटलं. मोहन तेवढंच, आच तेवढीच. दुसरी पाई भट्टीतून काढली. दोन्ही शेजारी ठेवल्या तर कोणती कुठली हे जावयालाही सांगता येईना. आयुष्यात एवढी मेहनत त्यांनी जिंकण्यासाठी कधी केली नव्हती, आणि आज केली ती बरोबरीसाठी.

मास्तरांनी दोन्ही खाल्ल्या. पाणी प्यायले. पुन्हा खाल्ल्या.

“दोन्ही एकाच हाताच्या आहेत,” ते म्हणाले.

जावयाने श्वास सोडला.

“आणि दोन्ही मूळ नाहीत.”

“म्हणजे?” दादा म्हणाले.

“मी शाळेच्या फाटकात उभा राहून खायचो, कडेपासून सुरू करून. तेव्हाची मुरड उलट्या बाजूला पडलेली असायची. ही उजव्या हाताची आहे. ती डावखुऱ्याची होती.”

दादा म्हणाले, वडील उजवे होते. काकू म्हणाल्या, माझे हेही उजवेच. सगळे एकमेकांच्या हातांकडे बघायला लागले. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या बायकोला हसू फुटलं, आणि तिने तोंडावर हात धरला. डावा.

मास्तर त्या हाताकडे बघत राहिले. मग दादा. मग काकू. सगळ्यात शेवटी जावई. संसाराला इतकी वर्षं झाली, हीच बाई घरी डाव्या हाताने रोज डोळ्यांसमोर पोळ्या लाटत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांच्या काखेत तर लाटणंही होतं.

“सारण बाबांचं, टोपली काकांची,” ती हाताआडून म्हणाली. “मुरड मी घालायचे. शाळेत जायच्या आधी.”

“अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?” जावई म्हणाले.

“तुम्ही रोज सांगायचात मुरड तुमची. आधी वाटायचं, थकून आलेत, कशाला वाद घालायचा. नंतर वाद घालायला दात उरले नाहीत.”

काकू आधी हसल्या, मग नाइलाजाने दादा. कुणीच जिंकलं नव्हतं, म्हणून कुणीच हरलं नाही. दोन्ही पाट्या होत्या तशा राहिल्या. सोमवारी साडेतीनला जावई पुन्हा उठले.

दुसऱ्या पगारातून कवळी आली. त्या दिवशी जावयाने एक पाई घरी नेली. मुरड मुद्दाम उलटी घातली होती. वाकडीतिकडी झाली होती, नवशिक्यासारखी. बायकोने कडेपासून चावा घेतला. कवळी कुरकुरली, की पारी, ते कळलं नाही. ती बराच वेळ चावत राहिली.

“कशी आहे?” जावयाने विचारलं.

“कच्ची आहे जरा,” ती म्हणाली. या वेळी तोंडापुढे हात नव्हता. “आणि मुरड तुमची तुम्हीच घाला. ही माझ्या नावावर खपवू नका.”