ढगाआडची धनिष्ठा

"दिसली, सर. पतंगासारखे चार तारे, आनि खाली शेपूट," सुरेश म्हणाला. त्या क्षणी धनिष्ठेवर ढग होता.

मी बिरवाडीजवळच्या शाळेत विज्ञान शिकवतो. ऑक्टोबरमध्ये सायंकाळी साडेसातला पालकांसाठी आकाशदर्शन ठेवतो. धनिष्ठेचे तारे मंद असतात. आधी श्रवण हा ठळक तारा शोधायचा. मग हात ताठ धरून पूर्वेकडे मूठभर अंतर सरकायचे. सुरेश हा एका विद्यार्थिनीचा बाप; तो सलग तिसऱ्या वर्षी आला होता. माझी वाक्ये त्याला पाठ होती.

"सुरेश, तुझ्या डोल्यांत एक्स-रे हाय काय रे?" कोणीतरी म्हणाले. सगळे हसले, तोही हसला.

श्रवण मात्र ढगाबाहेर स्पष्ट होता. मी तो दाखवायला सांगितला. त्याचे बोट भलतीकडेच गेले. अंधारात न दिसणे म्हणजे रातांधळेपणा; दिवसा अशा माणसाची नजर चांगली असू शकते.

मी त्याला बाजूला घेतले.

"काम काय करता?"

"कंपनीची बस, सर. सेकंड शिफ्ट रात्री पोलादपूरला सोडतो. चाळीस मानसं."

"रस्ता दिसतो?"

"फुडच्या गाडीचे लाल दिवे धरून जातो. रस्ता पाठ हाय."

"मेडिकल होत नाही?"

"होतं की. दिवसा. सगली अक्षरं वाचतो." मग आवाज खाली आला. "सर, कुनाला सांगू नका. दोन पोरी हायत."

"कंपनीला तुम्ही स्वतः सांगा. आठवडा देतो. नाहीतर मी सांगेन."

अपुऱ्या गृहपाठालाही मी आठवडाच देत असे.

पाचव्या दिवशी रात्री महामार्गावर एक ट्रक बंद पडून उभा होता. त्याचे मागचे दिवे लागत नव्हते. बस थेट त्यावर आदळली. दाराजवळ बसलेला पोलादपूरचा एक फिटर जागीच गेला. सुरेशचा पाय मोडला.

मी आपणहून पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी विचारले, "सर, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"पाच दिवस."

त्यांनी लिहून घेतले आणि कागद सहीसाठी माझ्यापुढे सरकवला.

पुढच्या वर्षीपासून मी "दिसले का?" विचारणे बंद केले. कागद देतो, जे दिसते ते काढायला सांगतो. कागद कोरा किंवा भलताच आला, तर त्या माणसाचे काम विचारतो. ते गाडी चालवण्याचे असेल, तर त्याच्यासमोरच कंपनीला फोन लावतो. माणूस रागावतो. रागावू द्यावे.