जिराफ पाणी कसा पितो?

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा माझे यजमान तिथे कामाला होते आणि मी जवळच्याच दांडी गावातल्या एका लहान शाळेत शिकवत होते. मुलं सगळी मच्छीमारांची. एकदा तपासणीला मोठे साहेब येणार म्हणून हेडमास्तरांनी फर्मान काढलं, "बाई, जिराफाचा धडा घ्या. गावात अणू आलाय, आता बोंबील-पापलेट पुरे!"

साहेब आले, मागच्या खुर्चीत बसले. मी शिकवू लागले. जिराफ आफ्रिकेत कळपाने राहतो, काटेरी झाडांचा पाला खातो, जीभ जांभळं खाल्ल्यासारखी काळीनिळी. मानेत हाडं मात्र आपल्याइतकीच, सात.

"सात?" साहेब उठले. "एवढ्या मानेत? निदान वीस तरी असतील."

"एकेक हाडच लांब असतं, साहेब," मी म्हटलं.

"साहेब म्हणतात ते बरोबर आहे," हेडमास्तर म्हणाले. मुलांनी लगेच एका सुरात 'वीस' म्हटलं. जिराफाचं मत कोणी विचारलं नाही.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "बाई, तो पानी कसा पितो? पाय केवडे उंच हायत, तोंड खाली पोचतंय का?"

"नुसतं वाकून नाही पोचत," मी म्हटलं, "पुढचे पाय फाकवावे लागतात."

साहेबांना हे अशास्त्रीय वाटलं. "असं फाकवून कोणाला वाकता येतं का? हे बघा!" असं म्हणून त्यांनी पाय ताणले, खाली वाकले, आणि त्यांची नवी टेरिलीनची पॅन्ट मागून टर्रकन फाटली.

पाणी पिताना जिराफ सर्वांत असहाय असतो, हे सांगायचं राहिलंच होतं. आता गरज उरली नाही.

हेडमास्तरांनी टेबलावरचं कापड ओढून साहेबांना गुंडाळलं आणि ऑफिसात नेलं. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीची आई शाळेशेजारीच जाळी विणत बसली होती. तिने जाळ्याच्याच दोऱ्याने पॅन्ट शिवून दिली. "सायेब, आता देवमासा आला तरी सुटायचा नाय," ती म्हणाली. दोरा निळा, पॅन्ट राखी. साहेबांनी आभार मानले, पण तिच्याकडे पाठ न करता.

जीपमध्ये बसण्याआधी त्यांनी मला बाजूला बोलावलं. "बाई, खरंच सात?"

"होय साहेब."

"मग सातच शिकवा. पण पुढच्या वेळी जरा बुटका प्राणी घ्या."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी वर्गात येऊन जाहीर केलं, की जिराफाच्या मानेत आजपासून सात हाडं आहेत.

पुढे कित्येक दिवस मुलं मधल्या सुट्टीत ओहोटीच्या डबक्यांवर पाय फाकवून जिराफ व्हायची, उरलेली सिंह होऊन त्यांना पाडायची. एका संध्याकाळी, आसपास कोणी नाही असं पाहून मीही वाकून बघितलं. पाचवारीत ते अजिबात जमत नाही.