जिल्ह्याचा नळ

लातूर जिल्हा झालं म्हणजे आता नळाला पाणी येणार, असं धरून मी बाळंतीण बायकोला सव्वा महिना भरायच्या आत माहेराहून उचलून आणलं.

तिचं माहेर हदगावकडचं. दुष्काळात तिथल्या विहिरीनं तळ दाखवला होता, तरी सासूबाईंनी लेकीला खाटेवरून खाली उतरू दिलं नव्हतं. अंगाला तेल, खाटेखाली शेगडी, ओवा नि बाळंतशेपेची धुरी, कान घट्ट बांधलेले. गार पाण्याला बोटसुद्धा लावायचं नाही, हा त्या घरातला कायदा. कुठून कुठून पाणी त्या स्वतः डोक्यावर आणायच्या आणि लेकीसाठी तापवायच्या.

मी पडलो नव्या जिल्ह्याच्या कचेरीतला कारकून. टेबलं अजून यायची होती, आम्ही सतरंजीवर बसून फायली लिहीत होतो; पण ऐट अशी, की जिल्हा जणू मीच मंजूर केलाय. म्हणालो, "मामी, इथं विहिरीत चिखल हाय. तिथं घरात नळ हाय, नळ!"

"नळ हाय. पाणी हाय का?"

"आता जिल्हा झालाय, मामी."

"मग पाणी काय चालत येतंय?"

मी हसलो. खरं कारण सांगायची सोय नव्हती: खानावळीची आमटी खाऊन जीव विटला होता. निघताना सासूबाईंनी डब्यात डिंकाचे लाडू भरून दिले. किनवटच्या जंगलातला धावड्याचा डिंक. त्या साली खारीक-खोबरं कसं जमवलं, त्यांचं त्यांना ठाऊक. "रोज सकाळी दुधासंगं एक," त्यांनी लेकीला नव्हे, मला बजावलं. "आन गार पाण्यात हात न्हाई."

लातुरात नळ सोडला की तो साहेबासारखा नुसता खाकरायचा, पुढं काही नाही. पाणी यायचं टँकरनं, तेही मी कचेरीत असताना. घरातला रांजण भरतो कोण, हे मी कधी विचारलंच नाही. संध्याकाळी रांजण भरलेला, भाकरी गरम, मी खूश. लेक झाली म्हणून कचेरीतले दोस्त तोंड गोड करायला आले, तेव्हा मी तो डबाच पुढं केला. "घ्या, सासुरवाडीचा माल हाय!" बायको दाराआडून बघत होती. पुढं पुढं तर कुणी आलं नाही तरी डब्यात माझाच हात जायचा.

एकदा कचेरी लवकर सुटली. गल्लीच्या तोंडाशी टँकरभोवती बायकांची झोंबाझोंबी चालली होती. त्यांत कान बांधलेली एकच. नळीखाली घागर धरलेली, मनगटापर्यंत हात गार पाण्यात. पोर शेजारणीच्या खांद्यावर रडत होती. शेजारीण म्हणाली, "भाऊ, बघता काय? घागर उचला की!"

मी आधी इकडंतिकडं पाहिलं, कचेरीतलं कुणी बघतंय का. मग उचलली. ते इकडंतिकडं बघणं अजून विसरता येत नाही.

त्याच आठवड्यात तिला हीव भरून ताप आला. दूध आटलं. पोर छातीला लागायची आणि चिडून किंचाळायची. मी घाबरून एसटीच्या ड्रायव्हरकडं निरोप धाडला, तशा सासूबाई आल्या. आधी नळ सोडून पाहिला. नळ खाकरला. मग लाडवांचा डबा उघडला. तळाला चुरा.

"एवढ्यात सरले? कुणी खाल्ले गं?"

"मीच खाल्ले, आई," बायको म्हणाली.

सासूबाईंनी तिच्या गालांकडं पाहिलं, मग माझ्या. माझे त्या दिवसांत चांगलेच वर आले होते.

माहेरी ती सावरली, दूध आलं, लेक वाढली. पण आजही थंडीत पीठ मळायला बसली की तिची मनगटं आखडतात. हात पदरात गुंडाळून ती जरा थांबते. डॉक्टर म्हणतात वय. तीही म्हणते वय. मी गप्प बसतो.

त्या दिवशी मात्र बसलो नाही. सासूबाई लेकीचं बोचकं बांधून, नातीला कुशीत घेऊन निघाल्या, तेव्हा मी उंबऱ्यातून विचारलं, "मामी, मग माझ्या जेवणाचं कसं?"

"तुमचं व्हय, जावईबापू?" त्या म्हणाल्या. "जिल्हा खावा."