बसून ऐकणारे लोक

सोलापुरात ऑर्केस्ट्रा म्हटलं की माणसं दोनच गोष्टी विचारतात. गायिका कोण, आणि जुनी गाणी किती. कुमारनं चार वर्षं डोकं खपवून जी बारा-तेरा मिनिटांची रचना केली होती, तिच्यात गायिका नव्हती आणि गाणं तर औषधालाही नव्हतं. त्यामुळे "आमचा ऑर्केस्ट्रा आहे, या ऐकायला" असं तो म्हणाला की समोरचा आधी खुलायचा, मग घड्याळाकडे बघायचा.

कुमार माळशिरसकडचा, मेंढपाळाच्या घरातला. वडील जोतिराम अजूनही वर्षातले आठ महिने मेंढरांमागे असतात. कुमार कॉलेजसाठी सोलापूरला आला, कॉलेज अर्ध्यात सोडून एका गाण्याच्या पार्टीत कीबोर्ड वाजवायला लागला आणि पुढे सात रस्ता चौकाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानामागं खोली घेऊन त्यानं रेकॉर्डिंगचा धंदा मांडला. भिंतींना अंड्यांचे ट्रे, मध्ये संगणक, एक बरा माईक. वाढदिवसाची गाणी, जयंतीची गाणी, दुकानाच्या उद्घाटनाच्या जाहिराती. निवडणुकीत तो दोन्ही बाजूंची गाणी करायचा आणि दोन्हींची चाल बहुतेक एकच असायची. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण निवडणुकीत समोरच्याचं ऐकतो कोण?

पण माणसाला पोटापलीकडचंही एक वेड लागतं. कुमारला लागलं ते 'तळ हलतो' या रचनेचं. मेंढरांचा तळ पहाटे एका रानातून उठतो आणि दुसऱ्या रानाकडं निघतो, तो सगळा गलबला त्याला वाद्यांत बांधायचा होता. हे सगळं त्यानं संगणकावर केलं. संगणकात व्हायोलिन होती, ढोल होता, ट्रम्पेट होते आणि क्लॅरिनेट होतं. सकाळी खोली उघडली की आधी हेडफोन लावून रचना ऐकायची आणि मगच गिऱ्हाईक घ्यायचं, असा त्याचा नेमच झाला. एकही वाद्य कधी चुकायचं नाही, एकही सूर कधी हलायचा नाही. तरी त्याला वाटायचं, एकदा ही जिवंत माणसांनी वाजवलेली ऐकावी. डबीतला पेढा किती दिवस बघायचा?

योग आला. शहरातल्या एका मंडळानं वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात त्याला अर्धा तास दिला. कुमारनं माणसं गोळा केली. संगीताच्या क्लासमधली चार व्हायोलिनची पोरंपोरी, लग्नाच्या बँडमधले ट्रम्पेटवाले, गावाकडचे ढोलवाले. अडलं ते क्लॅरिनेटपाशी. सगळी रचना त्या एका वाद्याभोवती फिरत होती, आणि शहरात ते वाजवणारा एकच माणूस उरला होता. रामहरीमामा.

रामहरीमामा मूळचे केम गावचे. तरुणपणी रेल्वेत बसून सोलापूरला आले, बँडच्या मास्तरांनी हातात क्लॅरिनेट दिलं आणि पुढची पस्तीसेक वर्षं ते लग्नाच्या वरातीपुढं चालत वाजवत राहिले. आता सत्तरीला टेकले होते आणि छातीनं दगा दिला होता. जिना चढला तरी दम लागायचा. डॉक्टरांनी वाजवणं बंद करायला सांगितलं होतं, आणि डॉक्टरांपेक्षा कडक बजाबाई घरात बसल्या होत्या.

"न्हाय म्हंजे न्हाय," बजाबाईंनी कुमारला दारातच सांगितलं. "फुकायची बंदी हाय त्यास्नी. रातभर खोकत्यात, उठून बसवावं मला लागतंय."

"एकदाच, मामी," कुमार म्हणाला. "वरात नाही, चालायचं नाही. खुर्चीत बसून. आणि समोर लोकही बसलेले असतील. फक्त ऐकायला आलेले."

हे ऐकून आतल्या खोलीतून रामहरीमामा बाहेर आले. "नाचायला न्हाय?" त्यांनी विचारलं.

"नाचायला नाही. ऐकायला."

मामा बायकोकडे बघत राहिले. पस्तीस वर्षांत त्यांचं वाजवणं कुणी बसून ऐकलं नव्हतं. वरातीत पोरं नाचतात, बाया नवरदेवाकडे बघतात, आणि बँडवाला मेला का जगला हे कुणी विचारत नाही. बजाबाईंनीसुद्धा नवऱ्याला घरात रियाज करतानाच ऐकलं होतं, त्यातही निम्मा वेळ शेजारणीचे टोमणे ऐकण्यात जायचा. शेवटी त्याच म्हणाल्या, "मी बी येणार. आन् लोकास्नी नीट ऐकू जाईल असं बगा, मास्तर. उगा जीव जाळून घ्यायचा आन् कुणाच्या कानावर न्हाय, असं नगं."

"शेवटच्या रांगेपर्यंत जाईल, मामी. माझी जबाबदारी," कुमार म्हणाला. सोलापुरात बँडला चाल देणारा तो मास्तर, म्हणून तिथून पुढे तो त्या घराचा मास्तर झाला.

आता तालमीची गंमत. बँडवाले कागदावरून वाजवत नाहीत. चाल ऐकायची, गळ्यात घ्यायची आणि वाजवायची, हीच त्यांची रीत. म्हणून कुमारनं संगणकावरची रचना प्रत्येकाच्या मोबाईलवर पाठवून दिली. सुरुवातीला लय कळावी म्हणून संगणक चार वेळा टिक टिक करतो, ते काढायचं राहून गेलं. पहिल्या तालमीला ढोलवाल्यानं अगदी मन लावून ढोलाच्या काठावर चार टिचक्या मारल्या आणि मग सगळे सुरू झाले. "हे कशाला?" कुमारनं विचारलं, तर तो म्हणाला, "तुमीच दिलंय की." सगळे हसले. कुमारही हसला. पण त्या हसण्यात त्याच्या ध्यानात यायला हवं होतं की ही माणसं मोबाईलवरचा आवाजन् आवाज खरा मानतात. ते आलं नाही.

आणि दुसरी चूक हसण्यासारखी नव्हती. मधल्या भागात क्लॅरिनेटची एक लांबलचक ओळ होती. ती संगणकानं एका दमात वाजवली होती. संगणकाला काय, त्याला फुप्फुसं थोडीच आहेत. रामहरीमामांनी मोबाईल कानाला लावून ती ओळ पुन्हापुन्हा ऐकली.

"मास्तर, ह्यो गडी दम कुटं घेतोय?"

"तो घेत नाही, मामा. मशीन आहे ते."

"मग आमी कुटं घ्यायचा?"

कुमार त्या वेळी व्हायोलिनवाल्यांवर चिडलेला होता. "घ्या की कुठंतरी," तो म्हणाला.

ओळ दोन तुकड्यांत तोडणं त्याच्या हातात होतं. पाच मिनिटांचं काम. पण चार वर्षं जी ओळ अखंड ऐकली ती तोडायला त्याचं मन होईना. मामा घरी जाऊन ती ओळ घोटत राहिले, खोकत राहिले, आणि बजाबाई त्यांच्यासाठी पाणी गरम करत राहिल्या. हळूहळू मामांनी आपल्यापुरत्या जागा शोधल्या. कुठं सूर आधीच सोडायचा, श्वास घ्यायचा आणि पुढचा सूर खालून उचलून आणायचा. कुमारला तालमीत ते ऐकताना दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. चार वर्षं डबाबंद ऐकून त्याचा कान नासला होता, दुसरं काय. पण माणूस कानाला दोष देत नाही, वाजवणाऱ्याला देतो.

कार्यक्रमाच्या दिवशी कुमार सभागृहाच्या मागच्या बाजूला आवाज कमी-जास्त करायच्या मशीनवर स्वतः बसला. प्रत्येक वाद्यापुढे माईक होता आणि प्रत्येक माईकचा आवाज वर-खाली करणारी सरकती दांडी कुमारच्या बोटाखाली. शिवाय शेजारी लॅपटॉप होता, त्यात संगणकातलं क्लॅरिनेट तयार ठेवलेलं. आधाराला म्हणून, असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं. ढोलवाल्याच्या एका कानात लयीची टिकटिक सोडली होती, म्हणजे वाजवणारे आणि लॅपटॉप बरोबर चालतील. ही एवढी तयारी आधाराला कुणी करत नाही, हे कुमारलाही ठाऊक होतं.

सभागृह भरलं होतं. बजाबाई नव्या लुगड्यात आल्या, पण पुढच्या खुर्च्यांतली मंडळी बघून बुजल्या आणि रंगमंचाच्या कडेला, पडद्याच्या आडोशाला स्टूल घेऊन बसल्या. तिथून नवरा हाताच्या अंतरावर दिसत होता.

पहिला भाग बरा गेला. मधला सुरू झाला आणि ती ओळ आली. रामहरीमामांनी सूर लावला, अर्ध्यात श्वास घेतला, आणि पुढचा सूर जरा हलला. जरासाच. हेडफोनमधून कुमारला तो डोंगराएवढा ऐकू आला. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. त्या बाई कदाचित चहाचं विचारत असतील. कुमारच्या बोटानं मामांची दांडी खाली ओढली आणि लॅपटॉपची वर सरकवली.

पुढची सगळी ओळ स्पीकरमधून एका दमात आली, स्वच्छ, गुळगुळीत. रंगमंचावर मामा गाल फुगवून वाजवत होते. मोठे ढोल, मोठे स्पीकर, त्यात म्हाताऱ्या छातीची फुंकर खुर्च्यांपर्यंत कुठून पोचणार. कुमारनं मामांची दांडी शेवटपर्यंत वर केली नाही. मंडळी टाळ्या वाजवत उठून उभी राहिली. अध्यक्षांनी रामहरीमामांना शाल घातली आणि "या वयात हा दम!" असं माईकवर सांगितलं. मामांनी सगळ्या सभागृहाला वाकून नमस्कार केला.

कुमारला वाटलं होतं घरी जाताना आनंद होईल. तो झाला नाही. दोन दिवस त्यानं रचना लावली नाही, गिऱ्हाइकांवर खेकसला, बायकोला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो उठला आणि रामहरीमामांच्या घरी गेला. काय सांगायचं ते ठरलं नव्हतं.

मामा उशीला टेकून बसले होते. चेहरा उतरलेला, पण डोळे खुशीत. शाल भिंतीवर खिळ्याला टांगलेली. बजाबाईंनी कुमारला पाट दिला आणि कमरेचा मोबाईल काढला.

"लेकानं शिकवून ठिवलंय, कसं दाबायचं त्ये. मी तितं बसून सगळं घेतलंय," त्या म्हणाल्या. "ऐका की."

मोबाईल मामांच्या अगदी जवळ होता, त्यामुळे स्पीकर लांब गुरगुरत होते आणि पुढं होतं ते फक्त मामांचं क्लॅरिनेट. ती ओळ आली. मामांनी सूर सोडला, श्वास घेतला. श्वाससुद्धा ऐकू आला. आणि मग पुढचा सूर खालून, दमत दमत वर चढला. कुमारच्या अंगावर सर्रकन काटा आला. पहाटे तळ उठताना सगळ्यात मागं राहिलेली म्हातारी मेंढी अशीच चालते. दोन पावलं टाकते, थांबते, पुन्हा निघते. त्याला चार वर्षं जे बांधायचं होतं ते हे होतं. त्याची रचना त्या दिवशी खरोखर वाजली होती, आणि भरल्या सभागृहात ती कुणाला ऐकू जाऊ नये याची तजवीज त्यानं स्वतःच्या बोटानं केली होती.

"च्या टाकते," म्हणून बजाबाई आत गेल्या.

कुमारला राहवलं नाही. "मामा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "लोकांना हे ऐकू गेलं नाही. मधल्या भागापासून मी तुमचा माईक बंद केला. त्यांनी ऐकलं ते मशीनचं. चुकलो मी. परत एकदा कार्यक्रम करू. तुम्ही म्हणाल तिथं दम घ्यायचा. मी सगळ्यांना खरं सांगतो."

रामहरीमामा शालीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्होरनं लई भरीव आवाज येत हुता. मी म्हणलं, हॉल चांगला हाय." त्यांनी छातीवर हात ठेवला. "आता परत न्हाय व्हायचं मास्तर. त्या दिसापास्नं रगात पडतंय खोकल्यात. हुतं न्हवतं तेवढं तितंच घातलं."

कुमारला रडू फुटलं. मामांनी त्याच्याकडे बघितलं नाही. राग होता, आणि तो राग त्यांच्या जबड्यात दिसत होता. आतून कपबशीचा आवाज आला तसे ते हळूच म्हणाले, "डोळं पुसा. आन् माईकचं हिला सांगू नगा."

बजाबाई चहा घेऊन आल्या. कुमारच्या हातात कप देत त्यांनी विचारलं, "खरं सांगा, मास्तर. मी आपली आडोशाला हुते. म्होरं बसलेल्यास्नी पोचलं का यांचं?"

कुमारनं कप तोंडाशी नेला.

"पोचलं की," रामहरीमामाच म्हणाले. "मास्तर सोता बसलं हुतं मशिनीवर. त्यांनी ध्यान ठिवलं म्हणून पोचलं."

बजाबाईंनी हातातला कप खाली ठेवला आणि कुमारला दोन्ही हात जोडले. आईच्या वयाची बाई. कुमारनंही कप बाजूला ठेवून हात जोडले, कारण दुसरं काय करावं हे त्याला कळेना.