भागीचा डावा हात

गेल्या रविवारी खर्डीला माझी चांगलीच जिरली. तेव्हापासून लिहू की नको चाललं होतं... आज लिहूनच टाकते.

आमचा एक ग्रुप आहे, शहापूर-मुरबाडकडच्या वाचनवेड्यांचा. सगळे एकाच कादंबरीचे भक्त. आपल्याच भागातली भातशेती, आपलीच माणसं आणि नायिका भागी, म्हणून आम्हाला तिचं जरा जास्तच प्रेम. त्या कादंबरीवर दोन सिनेमे निघाले. एक आमच्या जन्माच्या आधीचा, एक मागच्या वर्षीचा. साहजिकच भागीही दोन, जुनी आणि नवी. खरी भागी कोण, यावर ग्रुपमध्ये जे रण माजतं ते विचारू नका. एका जोडप्याने तर दोन दिवस अबोला धरला होता.

मी नव्या भागीच्या पार्टीतली. मराठीची शिक्षिका असल्यामुळे चुका काढायची खोड आहेच. जुन्या सिनेमातल्या चुकांची एक लांबलचक यादी मी ग्रुपवर टाकली होती. चूक नंबर एक : भागी जेवते उजव्या हाताने, विळा धरते उजव्या हाताने, आणि आवणीला, म्हणजे भातलावणीला, उतरली की रोपं लावते डाव्या हाताने! कुणाचं लक्षच नव्हतं म्हणे शूटिंगला... या एका मुद्द्यावर मी बरेच वाद जिंकले आहेत.

तर रविवारी ग्रुपमधल्या प्रकाशच्या खर्डीच्या घरी टीव्हीवर दोन्ही सिनेमे ओळीने बघून एकदाचा निकाल लावायचं ठरलं. आम्ही सात-आठ जण होतो. शेजारच्या कमळाकाकी पण आल्या. साठी ओलांडलेल्या, माहेर मुरबाडकडचं. प्रकाशच्या बायकोकडून जुना सिनेमा लावणार असं कळलं, तशा हातातलं काम टाकून आल्या आणि दाराजवळ भिंतीला टेकून बसल्या.

आधी नवा लावला. आवणीचा सीन आला आणि काकी पहिल्यांदाच बोलल्या.

"ही पोरगी पुढं कुठं चालली गो? लावलेलं तुडवील सगळं."

सगळे हसले. आवणी करताना माणूस मागे मागे सरकतो, हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. मी हा सिनेमा चार वेळा बघितलाय... माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरी मी हार मानली नाही. म्हटलं, काकी, थांबा, जुन्यातली चूक याच्यापेक्षा मोठी आहे.

जुन्याची प्रिंट अगदी वाईट, रंग उडालेले. निम्म्यात सगळे कंटाळले. पुढे ढकला, शेवट बघू, असं कुणीतरी म्हणालं आणि प्रकाशने रिमोट उचलला. तेवढ्यात काकी म्हणाल्या, "आवणीचा भाग तेवढा जाऊ नको देऊ रे. मी त्याच्यासाठीच आलेय."

तो सीन आला. चिखलाचं पाणी, उजव्या हातात रोपांची मूठ, हिरव्या बांगड्या, आणि डावा हात भराभर रोपं खोचत जातोय. मी उत्साहाने पॉज करायला लावलं. बघा म्हटलं, हीच ती चूक!

काकी शांतपणे म्हणाल्या, "चूक नाय गो ती. ती माझी आई. डावरी व्हती."

मग काकींनीच सांगितलं. शूटिंग त्यांच्या माहेरच्या शेतावर झालं, तेव्हा त्या सात-आठ वर्षांच्या. त्या नटीला काही केल्या आवणी जमेना. तेव्हा हात तेवढे गावातल्या बाईचे घेऊ असं ठरलं आणि सगळ्यात चपळ म्हणून यांच्या आईला उतरवलं. नटीच्या बांगड्या तिच्या हातात चढवल्या.

"बांगड्या त्यांच्या, हात आईचं. काम झालं तशा काढून नेल्या."

पुढे म्हसा गावच्या जत्रेत तंबूत सिनेमा लागला तेव्हा मायलेकी बघून आल्या. आई पदर तोंडाला लावून हसत होती म्हणे. त्यानंतर काकींनी तो सिनेमा बघितला नव्हता. आई जाऊन कित्येक वर्षं झाली.

"फोटोच नाय आमच्याकडं तिचा. एक पन नाय." मग माझ्याकडे बघून विचारलं, "बाय, याचा फोटो निघंल का?"

मला फार लाज वाटली. ज्या हातावर मी इतके दिवस टाळ्या घेतल्या, तो कुणाच्यातरी आईचा शिल्लक राहिलेला एवढाच भाग होता.

मी मोबाइलवर तो सीन शोधून स्क्रीनशॉट काढला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शहापूरला फोटोवाल्याकडे गेले. तो म्हणाला, मॅडम, चेहरा कापला गेलाय, आख्खा फोटो पाठवा. मी म्हटलं, हा आख्खाच आहे. त्याने जमेल तेवढा साफ करून दिला. थोडा धूसर आहे, पण बोटं आणि बांगड्या स्पष्ट आल्यात.

काल फ्रेम घेऊन खर्डीला गेले. काकींनी पदराने काच पुसली, खरं तर ती स्वच्छच होती. मग नुसत्या बघत बसल्या. मला वाटलं रडतील, पण हसल्या... पदर तोंडाला लावून.

"आता बांगड्यापन आईच्याच झाल्या गो," म्हणाल्या.

घरी येऊन यादीतला नंबर एक खोडला आणि ग्रुपवर माफी मागितली. ग्रुपवर वाद अजून चालूच आहे, जुनी की नवी. मला विचाराल तर मी आता तिसऱ्या भागीच्या पार्टीत आहे.